जुन्या टीव्हीवरील ॲप बंद पडले: संच बदलावा, की दुसरा मार्ग आहे?

कृष्णाकाठ (कराड) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी २०१३ च्या दिवाळीत घेतलेला ४२ इंची स्मार्ट टीव्ही आहे. त्याचे चित्र आजही स्वच्छ आहे, आवाजात खरखर नाही आणि बारा वर्षांत एकदाही तो दुरुस्तीला द्यावा लागलेला नाही. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचे बाहेर जाणे जवळजवळ थांबले आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी व्हिडिओच्या ॲपवर कीर्तन ऐकणे आणि रात्री चित्रपटांच्या ॲपवर एखादा जुना चित्रपट पाहणे, हा त्यांच्या दिवसाचा मोठा आधार आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही सर्वजण दीड महिना पुण्याला बहिणीकडे होतो आणि जाताना घराचा मेन स्विच बंद करून गेलो होतो. परत आल्यावर टीव्ही लावला, तेव्हा चित्रपटांच्या ॲपवर 'या उपकरणावर हे ॲप यापुढे उपलब्ध असणार नाही' अशी सूचना आली. व्हिडिओचे ॲप उघडते, परंतु 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही' असे सांगून बंद होते. वायफाय व्यवस्थित आहे, कारण त्याच खोलीत मोबाईलवर दोन्ही ॲप चालतात. टीव्ही कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला असता, संच फार जुना झाला आहे, तो बदलून नवीन घ्यावा, एवढेच उत्तर मिळाले.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. इंटरनेट चालू आणि संच धडधाकट असताना ॲप का बंद पडते? नवीन टीव्ही न घेता वडिलांची सोय होऊ शकेल का? आणि 'स्मार्ट' म्हणून जादा पैसे घेऊन विकलेल्या वस्तूचा तोच भाग काढून घेतला गेला, तर ग्राहकाला काही दाद मागता येते का?

चाचणीकार (पुणे)

मी नऊ वर्षे टीव्हीवरील ॲपची चाचणी घेण्याचे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. आपण एकच तक्रार मांडली असली तरी मला त्यात दोन निरनिराळे बिघाड दिसतात आणि त्यांपैकी एक कदाचित घरच्या घरी दुरुस्त होईल.

मेन स्विच दीड महिना बंद होता, हा तपशील आपण दिला हे फार बरे झाले. कृपया टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि वेळ पाहा. वीज पूर्ण तुटली की पुष्कळ जुन्या संचांचे घड्याळ कारखान्यात ठरवून दिलेल्या एखाद्या जुन्या तारखेवर परत जाते. ॲप सर्व्हरशी बोलण्यापूर्वी त्याचे ओळखपत्र मागते, ज्याला आम्ही सर्टिफिकेट म्हणतो, आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते. टीव्हीच्या मते आज २०११ चा जानेवारी असेल, तर २०२५ मध्ये दिलेले सर्टिफिकेट त्याच्या दृष्टीने अजून लागूच झालेले नसते. मग तो संपर्क नाकारतो आणि आपल्याला मात्र फक्त 'संपर्क होऊ शकत नाही' एवढेच दिसते. तारीख हाताने दुरुस्त करून संच बंद-चालू करून पाहा. त्याने काम झाले नाही, तर वायफायऐवजी एकदा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही जोडून पाहा, म्हणजे राऊटरविषयीची शंका राहणार नाही. मात्र या दोन्ही गोष्टी होईपर्यंत फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळ्या सेटिंग पुसून संच मूळ स्थितीत आणणे, करू नका.

रीसेटचा इशारा मी मुद्दाम देत आहे. ९ मार्च २०२५ रोजी गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे (मोबाईलवरील व्हिडिओ टीव्हीवर दाखवण्यासाठी टीव्हीला जोडायची) जगभर एकाच दिवशी बंद पडली होती. उपकरणाची ओळख पटवणाऱ्या साखळीतील दहा वर्षांच्या मुदतीचे एक सर्टिफिकेट त्या दिवशी संपले होते आणि ते कोणाच्या वेळेवर लक्षात आले नव्हते. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तोपर्यंत रीसेट करू नका असे तिला सांगावे लागले, कारण घाईने रीसेट केलेली उपकरणे पुन्हा जोडून घेणे अधिक अवघड होऊन बसले होते.

क्रोमकास्टला दुरुस्ती मिळाली, कारण ती पाठवणारे कोणीतरी जागेवर होते. जुन्या टीव्हीच्या बाबतीत मूळ दुखणे इथेच आहे. प्रत्येक संचात विश्वासार्ह मूळ सर्टिफिकेटांची एक यादी कारखान्यातच भरलेली असते आणि ती फक्त कंपनीच्या अपडेटने बदलते. ३० मे २०२० रोजी ॲडट्रस्ट नावाचे मूळ सर्टिफिकेट संपले आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी, सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्यावर टेकलेली होती ते मूळ सर्टिफिकेट संपले, तेव्हा अपडेट न मिळालेली अनेक उपकरणे अडचणीत आली. टीव्हीची काच, पॅनेल, स्पीकर यांना या मुदतीशी काहीच देणेघेणे नसते, आणि म्हणूनच घरच्यांना हा प्रकार अन्यायाचा वाटतो. तो मलाही वाटत आला आहे.

आता चित्रपटांच्या ॲपकडे वळतो. तेथे स्पष्ट सूचना आली आहे, त्यामुळे तारीख दुरुस्त करून ते परत येईल अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही. २०१५ च्या आसपास टीव्हीच्या आतील सगळी व्यवस्था बदलली. एलजीने २०१४ मध्ये नेटकास्ट सोडून वेबओएस आणले, सॅमसंगने २०१५ मध्ये टायझेन आणले आणि त्याच वर्षी सोनीने अँड्रॉइड टीव्ही स्वीकारला. त्याआधीच्या प्रत्येक पद्धतीसाठी वेगळे ॲप लिहावे आणि तपासावे लागते. आमच्या चाचणीच्या खोलीत तीन भिंती जुन्या संचांनी भरलेल्या होत्या. नवी आवृत्ती आली की ती प्रत्येक संचावर चालवून पाहावी लागे, आणि एखादा संच वापरणारे लोक कमी झाले की आधी त्याची चाचणी बंद होई व काही महिन्यांनी त्याचे ॲप.

याला तांत्रिक कारणेही आहेत. चित्रपटाची नक्कल होऊ नये म्हणून त्याला जे कुलूप घातलेले असते, त्याची पद्धत बदलत जाते. त्या काळातील काही उपकरणे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मीडिया डीआरएमवर चालत आणि पुढे तिची जागा प्लेरेडीने घेतली. चित्र दाबून पाठवण्याची पद्धतही एच.२६४ वरून व्हीपी९ आणि एव्ही१ कडे सरकली आहे, आणि नवी पद्धत उलगडणारी चिप जुन्या संचात बसवता येत नाही. नेटफ्लिक्सने १ डिसेंबर २०१९ रोजी सॅमसंगचे २०१० व २०११ चे काही संच सोडले, ३१ जुलै २०२४ रोजी ॲपल टीव्हीची दुसरी व तिसरी पिढी सोडली आणि जून २०२५ मध्ये ॲमेझॉनची २०१४ ची पहिली फायर टीव्ही उपकरणे सोडली. त्याहीपूर्वी, एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने आपली जुनी जोडणी बंद केली, तेव्हा २०१२ पर्यंतचे कित्येक टीव्ही आणि ब्लू-रे प्लेअर एका फटक्यात बाद झाले होते. आपले एकट्याचे काही चुकलेले नाही.

पडदा-दुरुस्ती (कोल्हापूर)

माझे टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. संच अजिबात बदलू नका. २०१३ च्या चांगल्या ४२ इंची संचाचे पॅनेल सुस्थितीत असेल, तर तो भाग आज त्याच किमतीत मिळणाऱ्या पुष्कळ नव्या संचांपेक्षा मजबूत असतो. पुढे कधी बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागून उजेड देणारी, पट्टी गेली, तर तीही बदलून मिळते. तुमच्या टीव्हीला मागे एचडीएमआयचे पोर्ट आहे ना, मग त्याला पडदा म्हणून राहू द्या आणि ॲपचे काम बाहेरच्या स्टिकवर, म्हणजे त्या पोर्टमध्ये खोचायच्या ॲप चालवणाऱ्या छोट्या उपकरणावर, सोपवा. नामांकित कंपनीची साधी स्टिक पाच हजारांच्या आत मिळते, आणि उद्या तिची मुदत संपली तरी एवढीच वस्तू बदलावी लागते.

घेताना एक गोष्ट तपासा. त्या काळात 'एचडी रेडी' म्हणून विकलेल्या संचांत बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा असतो आणि 'फुल एचडी' संचांत १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा. दोन्हींवर फोर-केचे चित्र दिसत नाही, म्हणून फोर-केच्या स्टिकसाठी जादा पैसे देऊ नका. दुकानदार आग्रह करील, पण त्या पैशांचा या पडद्याला उपयोग नाही.

जोडणीत लोक नेहमी एक चूक करतात. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देतात. जुन्या संचांचे यूएसबी पोर्ट साधारण अर्धा अँपिअर प्रवाह देते आणि स्टिकला त्याहून जास्त लागतो, त्यामुळे ती मध्येच बंद होते किंवा पुन्हापुन्हा सुरू होत राहते. मग ग्राहक स्टिक खराब निघाली म्हणून माझ्याकडे येतात. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीतील प्लगलाच लावा. टीव्ही भिंतीवर बसवलेला असेल आणि मागे जागा नसेल, तर सोबत येणारी एचडीएमआयची आखूड वायर वापरा. तिच्यामुळे स्टिक संचाच्या मागून थोडी बाहेर येते आणि वायफायही चांगले पकडते.

वडिलांच्या दृष्टीने खरी अडचण दोन रिमोटची होईल. माझ्या अनुभवात वयस्कर माणसे 'इनपुट' किंवा 'सोर्स' या बटणापाशी अडतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची सोय शोधा. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते. ती चालू केली की स्टिकच्या रिमोटवरील बटण दाबताच टीव्हीही लागतो आणि बरोबर त्या पोर्टवर जातो. नंतर टीव्हीचा मूळ रिमोट कपाटात ठेवला तरी चालते.

कोणाकडे याहूनही जुना, मागे फुगीर नळीचा संच असेल, तर एचडीएमआयचे चित्र पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांवर आणणारा कन्व्हर्टर मिळतो. अक्षरे फिकट दिसतात, पण कीर्तन ऐकायला पुरेसे आहे.

रात्रपाळी (नाशिक)

एवढा खर्च तरी कशाला करायचा, असे मला वाटते. बाजारात बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स दीड-दोन हजारांत मिळतो आणि त्यात सगळी ॲप आधीच भरलेली असतात. शिवाय ॲपची जुनी आवृत्ती इंटरनेटवरून उतरवून घेतली, तर ती जुन्या उपकरणावरही चालते, असे ऐकले आहे.

चाचणीकार (पुणे)

आपला हेतू खर्च वाचवण्याचा आहे, हे समजते. परंतु या दोन्ही मार्गांविषयी मला स्पष्ट बोलावे लागेल. प्रश्नकर्त्यांचा संच २०१३ चा आहे, म्हणजे तो अँड्रॉइडवर चालणारा असण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे त्यात जुनी आवृत्ती बाहेरून टाकताच येणार नाही. ज्या उपकरणांत ती टाकता येते, तेथेही सर्व्हरने जुनी जोडणी नाकारली की ॲप उघडून उपयोग नसतो.

बिननावाच्या बॉक्सचा धोका याहून मोठा आहे. अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० नावाच्या जाळ्याविषयी जाहीर इशारा दिला होता. घरगुती इंटरनेट उपकरणांत, ज्यांत स्वस्त टीव्ही बॉक्स बरेच होते, घातक सॉफ्टवेअर कधी विक्रीपूर्वीच भरलेले आढळले, तर कधी सुरुवातीला ॲप उतरवताना शिरलेले. अशा बॉक्समार्फत तिऱ्हाईत माणसे आपल्या घरचे इंटरनेट वापरतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ज्या वायफायवर वडिलांच्या पेन्शनचे बँक खाते उघडले जाते, त्याच वायफायवर असली वस्तू जोडू नये. शिवाय अशा बॉक्सना बहुधा वाइडव्हाइन या नक्कलविरोधी कुलपाची वरची पातळी मिळालेली नसते, म्हणून अधिकृत ॲप चालले तरी चित्र ४८० ओळींवरच अडकते.

याच कारणासाठी, स्टिक लावल्यानंतर जुन्या टीव्हीचे स्वतःचे वायफाय बंद करून टाकावे, असे मी सुचवीन. ज्या संचाला अनेक वर्षांत सुरक्षेचे अपडेट मिळालेले नाही, त्याला इंटरनेटवर ठेवण्यात आता काही लाभ नाही.

थेम्सकाठ (रीडिंग, इंग्लंड)

मूळची मी सांगलीची. गेली सोळा वर्षे इंग्लंडमध्ये राहते. माझ्याकडील, टीव्हीला जोडायच्या छोट्या डब्यावरची ॲपही अशीच एकामागून एक गेली, म्हणून येथील कायदे वाचून काढले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूला सुरक्षेची अपडेट किमान किती काळ मिळतील, हे उत्पादकाने जाहीर करणे बंधनकारक आहे. तो काळ किती असावा, हे मात्र कायदा सांगत नाही; तो सांगून टाकावा, एवढेच म्हणतो. युरोपीय संघाचा नियम अधिक ठोस आहे. १ मार्च २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार टीव्हीच्या एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान आठ वर्षे त्याच्या सॉफ्टवेअरची अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात.

तरीही एक फट राहतेच. हे नियम टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला बांधतात, तर ॲप दुसऱ्याच कंपनीचे असते. खोक्यावर त्या ॲपचे चिन्ह छापून संच विकला जातो, रिमोटवर त्याच्या नावाचे लाल किंवा निळे बटण असते, पण ते बटण किती वर्षे चालेल याचे वचन दोघांपैकी कोणीही देत नाही. माझ्या मते ते छापील चिन्ह हेच वचन मानले गेले पाहिजे.

ग्राहक-पाठराखण (ठाणे)

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी अनेक वर्षे ग्राहक तक्रारींचे अर्ज लिहून देण्याचे काम विनामोबदला करतो. थेम्सकाठ यांनी सांगितलेल्या युरोपीय नियमासारखी ठरावीक वर्षांची हमी आपल्याकडे ग्राहकाच्या हातात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू व इलेक्ट्रॉनिक उपकरणे येतात. परंतु त्याचा भर दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळण्यावर आहे, ॲप चालू ठेवण्यावर नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींविरुद्ध दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मात्र बारा वर्षे वापरलेल्या संचासाठी आपली बाजू आयोगापुढे टिकेल, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही. समोरचा पक्ष अटींमधील 'सेवा कधीही बदलू शकते' हे वाक्य दाखवील आणि वस्तूचे आयुष्यही पुढे करील. हाच प्रकार दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या संचाबाबत घडला असता, तर मी आपल्याला आजच अर्ज लिहून दिला असता. त्यासाठी पावती, खोक्याचे व त्यावरील चिन्हांचे छायाचित्र आणि पडद्यावर आलेली सूचना, तारखेसह, जपून ठेवावी लागते. बहुतेक घरांत खोके पहिल्याच आठवड्यात रद्दीत जाते आणि पुरावा त्याच्याबरोबर जातो.

तरीही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. पैसे परत मिळतील म्हणून नव्हे; अशा तक्रारींची नोंदच झाली नाही, तर नियम करणाऱ्यांना हा प्रश्न आहे हेच कळणार नाही. आणि कधी संच टाकायची वेळ आलीच, तर भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या संचाची योग्य विल्हेवाट लागेल, ही जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे.

कृष्णाकाठ (कराड)

सर्वांचे मनापासून आभार. चाचणीकार यांनी सांगितल्याप्रमाणे तारीख पाहिली, तर टीव्हीमध्ये १ जानेवारी २०१२ दाखवत होते. ती दुरुस्त करून संच पुन्हा लावताच व्हिडिओचे ॲप चालू झाले. वडिलांनी त्याच संध्याकाळी दोन तास कीर्तन ऐकले. सेवा केंद्राने हा एक प्रश्न विचारला असता, तर वडिलांचे तीन आठवडे सुनेसुने गेले नसते, याचे मला वाईट वाटते.

चित्रपटांचे ॲप अर्थातच परत आले नाही. शिवाय आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि दर वेळी घड्याळ मागे पडते, म्हणून शेवटी साधी स्टिक आणली आणि ती भिंतीतील प्लगवर लावली. सीईसीची सोय टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम' या सदराखाली, अगदी तळाशी सापडली. टीव्हीचे वायफाय बंद केले आहे. हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली.

अजून एक शंका आहे. गावच्या देवळातील कीर्तनांची आम्ही स्वतः केलेली ध्वनिचित्रे पेनड्राइव्हवर आहेत. त्यांपैकी लहान फायली टीव्हीच्या यूएसबीवर लागतात, पण सहा गिगाबाइटची एक मोठी फाईल यादीतच दिसत नाही. हाही ॲपसारखाच प्रकार आहे का?

पडदा-दुरुस्ती (कोल्हापूर)

नाही, हे वेगळे आहे आणि याचा इंटरनेटशी संबंध नाही. तुमचा पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा दिसतो. त्यावर चार गिगाबाइटहून मोठी फाईल बसतच नाही, म्हणून ती अर्धवट उतरली असेल किंवा मुळात उतरलीच नसेल. संगणकावर त्या कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग करून, एच.२६४ चित्रासह एमपी-४ स्वरूपात ठेवा. जुना संच ते चालवील, आणि त्याला कोणत्याही सर्व्हरची परवानगी लागणार नाही.